तिसऱ्याच्या पाठचा

मी एक जुना सिनेमाचा प्रोजेक्टर आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. बसू नये, अशीच गोष्ट आहे ती.

मित्रांनो, माझा जन्म ओसाकाच्या कारखान्यातला. तिथून बोटीनं होक्काइदोच्या एका मासेमारी बंदरात आलो आणि ओगिनुमा मालकांच्या थेटरात उभा राहिलो. स्वस्थ बसणं माझ्या लोखंडातच नाही. दिवा विझला की माझी चाकं नुसती शिवशिवत. लोक म्हणत, "मालक, यंत्र आणलंत की घोडं?" त्या कौतुकानं मी आणखीच खडखडे.

एका हिवाळ्यात छत्रीवाल्या सामुराईची लांबलचक मालिका ओळीनं लागली, रोज एक भाग. हा पठ्ठ्या छत्रीत तलवार लपवून गावोगाव हिंडे. इसोकिची नावाचा तरुण कोळी सुकी म्हाकूळ मासळी चघळत पहिल्या भागापासून हजर. तिसऱ्याच्या शेवटी सामुराई कड्यावरून कोसळला आणि दिवे लागले!

दुसऱ्या दिवशी इसोकिची धापा टाकत आला. पहाटे त्याची बोट सुटणार होती. बघतो तर पाटीवर 'भाग पाचवा'.

"मालक, मधला कुठंय?"

मालक घुटमळले. आमच्या जपानीत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार एकच, 'शी'. चाराला दुसरं सोज्वळ नावही आहे, पण मालक त्यालाही भीत. पाटीचं तेच आणि खुर्च्यांचंही तेच: थेटरात तीन नंबरच्या खुर्चीला लागून पाच नंबरची खुर्ची. तिच्यावरच इसोकिची रोज बसे, तरी त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही. आणि दर्यावर निघालेल्या माणसापुढे मालक तो आकडा कसा उच्चारणार?

"हाच तो, बाबा. बस की."

"हा पाचवा! मधला गाळून पुढचा दाखवता? माझा बाप सांगायचा, गोष्ट अर्धी टाकून दर्यावर गेलेला परत येत नाही."

"अरे, अर्धी नाही रे!"

"मग मधल्याचं नाव घ्या!"

मालकांनी तोंडावर हात ठेवला. तिकिटं फाडणारी त्यांची लेक सावाए बापाकडे बघे, मग इसोकिचीकडे, मग दाराकडे. इसोकिची उठला. पोरगं धास्ती घेऊन दर्यावर जाणार, आणि मी नुसता बघत बसू?

मित्रांनो, मी रिळाची वाटच पाहिली नाही. गर्रकन मान वळवली आणि रिकाम्या पोटी, नुसत्या आठवणीवर, सामुराईला दारावर फेकलं! तो छत्रीसकट दारातून खाली उतरला, इसोकिचीचं बखोट धरलं आणि त्याला खुर्चीत आपटून बसवलं. सिनेमा पार पडला, कड्यावरची गोष्ट पुरी झाली आणि इसोकिची हसत बोटीवर गेला.

आज मी गावच्या सभागृहात धूळ खात उभा आहे. तेलाचा थेंब नाही, दिवा नाही, चाकं मात्र अजून शिवशिवतात. म्हणून सांगतो, मित्रांनो, ज्या जुन्या यंत्रानं माणसाचा जीव वाचवला, त्याला जपा, पुसा, आणि कधीतरी...

"खोटं!" मागच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला. इसोकिचीच तो! "लबाडा, सामुराई कुठला आलाय? बखोट सावाएनं धरलं! म्हणाली, 'तिसऱ्याच्या पाठचा आहे हा, मठ्ठा! बस गुमान!' आणि अजून सोडलेलं नाही तिनं!"