बरणीतलं गांडूळ

न्हाणीच्या जाळीतून दोऱ्याएवढा काळा जीव वर आला, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुसरी कुणी किंचाळली असती. मी काचेची बरणी आणायला धावले.

त्याचं असं आहे, की घर सोडायचं नाव काढलं की माझ्या नवऱ्याला जांभया यायच्या. घर सासूबाईंचं, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट आणि आमच्या खोलीला दुसरं दारच नाही. पाणी प्यायला उठलं तरी त्यांचं सुरू, "काय गं, काय झालं?" इतक्या वर्षांत साधी शिंकसुद्धा मला एकटीला मिळाली नाही. मी शिवणकामाला जाते त्या दुकानाच्या वरची एक खोली रिकामी झाली होती. एकच, पण आम्हा दोघांची. जवळच होती, सासूबाईंना दोन्ही वेळचा डबा मी आनंदानं आणून दिला असता.

न्हाणीत साप निघतात म्हणून मी भुणभुण लावली, तेव्हा नवरा वैतागला. "गांडुळं आहेत ती. साप असल्याचं दाखव, उद्याच सामान हलवू. नाहीतर हा विषय कायमचा बंद. कबूल?"

"कबूल!"

म्हणून ती बरणी. तो कामावरून आल्या आल्या मी ती दिव्याखाली ठेवली. "बघा. गांडुळाच्या अंगाला वळी असतात. हे खवले आहेत, कसे चकाकतायत! शेपटीला बारीक काटा. डोळे म्हणजे नुसते ठिपके." तेवढ्यात त्या गुणी जिवानं केसाएवढी जीभ बाहेर काढली. "आता बोला! गांडूळ जीभ काढतं का?"

"विषारी आहे?"

"छे हो. वाळा म्हणतात याला. मुंग्यांची अंडी खातो बिचारा. पण साप तो सापच."

"हरलो बाई," नवरा म्हणाला. "उद्या बोलतो खोलीवाल्याशी."

मी हवेत तरंगतेय, तोवर दारात सासूबाई. चेहरा पांढराफटक. "साप? माझ्या घरात? तुम्ही गेल्यावर मी एकटी कशी गं राहू? मीही येते तुमच्याबरोबर." आणि लगेच खाटेखालची ट्रंक ओढायला लागल्या.

एका खोलीत तिघं! इथं निदान मध्ये भिंत तरी होती. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो बरणीकडे पाहत बसलेला. आईला नको म्हणणं त्याला या जन्मी जमणार नव्हतं. आणि ट्रंकेची कडी उघडताना ती बाई न्हाणीकडे अशी वळून वळून बघत होती, की मलाही जमेना. भयंकर राग आला. कुणाचा, ते कळेना.

"अहो आई, ठेवा ती ट्रंक! गांडूळ आहे हो. मी यांची गंमत करत होते."

"नक्की ना?"

"अगदी नक्की. वळी दिसतायत की." बरणीत त्यानं पुन्हा जीभ काढली. मी काचेवर हात धरला.

सासूबाईंनी हुश्श केलं आणि खाटेवर टेकल्या. नवऱ्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. हसला नाही, हे त्याचे उपकार.

"मग तो विषय बंद ना?" त्यानं हळूच विचारलं.

"बंद," मी म्हणाले, आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.