ऐन वेळी आजारी पडलेल्या बायका

नवऱ्याचं नाव घेऊ नये, असं आमच्या माहेरी, नेसरीकडं म्हणतात. मी घेते. बाळासो. माझ्या नवऱ्याचं नाव बाळासो, माझं आक्काताई, आणि त्यानं मला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी त्याची बाजू घ्यायला नको.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं रंगाचं दुकान आहे. पाटी बाळासोच्या नावाची, पण बाळासो दुकानात सापडेल याची खात्री नाही. तो तालमीच्या कट्ट्यावर, पिराजी नावाच्या दोस्ताच्या मांडीला मांडी लावून बसलेला. दुकानात डबे लावायचे मी, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची मी, नव्या मशीनवर रंग मिसळून शेड काढायची तीही मीच. पेंटर लोक तर पायरी चढतानाच विचारतात, ‘वैनी हाईत का?’ मालक आहेत का, असं कुणी विचारत नाही.

दोन हजार एक साली गणपतीच्या तोंडावर कंपनीनं स्कीम काढली. दिवाळीपर्यंत ठरलेला माल उचलला की डीलरला जोडीनं सिंगापूर, आणि तिथून तीन दिवस जहाजाची सफर. जोडीनं, हे मी नीट वाचलं. कंपनीचा माणूस प्रसेनजीत कांबळे, त्यानं कागद माझ्याच हातात दिला होता. कागदावर पांढरं जहाज आणि चारी बाजूला निळं पाणी. काठ कुठंच नव्हता.

मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. हसू नका. कोल्हापूरपासून समुद्र काही फार लांब नाही, पण मधे घाट आहे आणि मला गाडी लागायची. लग्नानंतर पहिल्यांदा पन्हाळ्याला निघालो तेव्हा वाघबीळाच्या वळणावर मी बाळासोच्या नव्या शर्टाची वाट लावली. तेव्हापासून गणपतीपुळे असो नाहीतर मालवण, घरात एकच वाक्य ठरलेलं. ‘हिला गाडी लागते, हिला ऱ्हाऊ दे.’ सगळे जायचे, चपलांत वाळू घेऊन यायचे, आणि ती वाळू उंबऱ्यावर मी झाडायची.

म्हणून त्या वर्षी मी दुकानात जीव ओतला. गणपती, दसरा, दिवाळी, एक गिऱ्हाईक मोकळ्या हातानं जाऊ दिलं नाही. शाळा रंगवली, दोन मंगल कार्यालयं रंगवली, एका पावण्याला तर गोठ्यालासुद्धा ऑइलपेंट लावायला लावला. दिवाळीच्या चार दिवस आधी माल पुरा झाला. बाळासोनं तालमीत पेढे वाटले. ‘मारलं की न्हाय टार्गेट! आता जहाजावर तू आन् मी,’ मला म्हणाला. मला जहाज दिसत होतं.

कागलच्या डीलरची बायको चिमणाबाई आदल्या वर्षी असल्याच सफरीला जाऊन आली होती. मी तिला मुद्दाम दुकानात बोलावून चहा पाजला आणि सगळं विचारून घेतलं.

‘खोली मागताना जहाजाच्या मधली माग, आन् खालच्या मजल्यावरची,’ ती म्हणाली. ‘पुढच्या टोकाला लई हालतंय. आन् उलटीची गोळी आधी घ्यायची. सुरू झाल्यावर घेतलीस तर गोळी बी भाईर.’

‘आणि कापडं?’

‘मोठी बॅग ती लोकं घेऊन जात्यात, ती सांजंपातूर खोलीत येतीया. तवर अंगावरच्या कपड्यावर बसायची पाळी आली आमच्यावर. एक जोड, गोळ्या, पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेव. एका रात्री मोठ्ठं जेवण असतंय, तिथं चांगलं लुगडं पायजे. बंदराला उतरलीस तर येळंत परत यायचं. एस्टी न्हाय ती, कंडक्टरला हाळी मारून थांबवायला.’

‘घरी फोन करता येतो का?’

‘चुकून बी करू नगंस! आमच्या ह्यांनी ऊसतोड आली का इचारायला जहाजावरनं फोन लावला. बिल बघून माणूस खालीच बसलं. मिनटाला पैसं घेत्यात, आन् ते बी डालरात.’

मग ती हसायला लागली. म्हणाली, ‘पर बायका कुठं हुत्या गं? चाळीस जोडपी म्हणून गेलती, आन् आम्ही बायका चौघीच. बाकीच्या सगळ्या ऐन वेळी आजारी पडल्या म्हणं. त्येंच्या जागी कुणाचा मेव्हणा, कुणाचा दोस्त.’

मीही हसले. काय एकेक नाजूक बायका, म्हटलं. एवढी सफर चालून आली आणि आजारी पडल्या. मी तर तापातसुद्धा जाईन.

आता प्रश्न राहिला पोटाचा. बाळासो उठता बसता चिडवायचा, ‘तुला वाघबीळ सोसत न्हाय, तू जहाजात काय दिवं लावणार?’ मी मनाशी म्हटलं, बघच. रविवारी दुकान बंद असायचं. मी आणि माझी मुलगी मोना, आम्ही गगनबावड्याची एस्टी धरली, आणि तीही घाट उतरून खाली वैभववाडीला जाणारी. बसायचं मुद्दाम शेवटच्या बाकावर, जिथं माणूस पापडासारखा उडतो. पहिल्या रविवारी मी अर्ध्या घाटातच गळपटले, मोनानं पिशवी धरली. पुढच्या खेपेला पोटात दोन कोरड्या भाकरी आणि तोंडात आल्याची वडी ठेवली, नजर लांब डोंगरावर. घाट उतरून झाल्यावर एकदाच पोट ढवळलं. तिसऱ्या खेपेला काहीच झालं नाही. वैभववाडीच्या स्टँडवर मी वडापाव खाल्ला, वर चहा प्यायले आणि कंडक्टरला विचारलं, ‘परतीची गाडी किती वाजता?’

तेव्हा मोना माझा हात धरून म्हणाली, ‘आई, आलोच आहोत तर आज समुद्रापर्यंत जाऊया की. दोन तासांचा तर रस्ता. चल की गं.’

‘नको,’ मी म्हटलं. ‘एवढी वर्षं थांबले. आता बघायचा तर काठावरनं न्हाय बघायचा. एकदम मधनं बघायचा.’

तिनं दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, पोरीला आईचं कौतुक वाटतंय. मी तिला आणखी एक वडापाव घेऊन दिला आणि परतीच्या गाडीत बसवलं.

पासपोर्टसाठी पुण्याची वारी झाली, हवालदार घरी येऊन चौकशी करून गेला, पासपोर्ट पोस्टानं आला. त्यातल्या फोटोत मी पकडलेल्या चोरासारखी दिसत होते, तरी चार वेळा उघडून बघितला. मोठ्या जेवणासाठी निळं इरकल काढलं. रबरी तळव्याच्या चपला घेतल्या. शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्या बांधल्या. हातातली पिशवी वेगळी भरली, अगदी चिमणाबाईनं सांगितलं तशी, आणि कपाटावर ठेवली.

निघायला आठवडा राहिला असेल. प्रसेनजीत दुकानात आला. नेहमी ‘काय वहिनी, माल काय सांगताय?’ असं मोठ्यानं विचारणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज खाली.

‘आता बरं वाटतंय का, वहिनी?’

‘मला काय झालंय?’

तो गडबडला. ‘नाही, मालक म्हणाले... जहाजाचं नुसतं नाव काढलं तरी तुम्हाला चक्कर येते. डॉक्टरांनीच नको म्हटलंय म्हणाले. म्हणून तर महिन्यापूर्वीच तुमच्या जागी पिराजीरावांचं नाव दिलं ना आम्ही.’

मी तेव्हा शेड काढत होते. मशीनमधून डब्यात निळ्याची धार पडत होती, ती जास्त पडली. तो डबा कुणालाच विकता आला नाही. प्रसेनजीतला एकदम सगळं उमगलं. ‘सॉरी वहिनी,’ म्हणाला. त्याची चूक नव्हती. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, ‘मला काय झालेलं न्हाय. मी ऐन वेळी आजारी पडलीया, एवढंच.’

मग मला त्या बायका आठवल्या. ज्यांना मी हसले होते त्या. कुणाच्या त्या कोण जाणे, पण त्यांच्याही कपाटांवर पिशव्या भरून ठेवलेल्या असणार.

संध्याकाळी बाळासो जेवायला बसला. मी ताट वाढलं आणि समोर उभी राहिले.

‘मला चक्कर कधी आली?’

घास तोंडातच राहिला. मग त्यानं तो सावकाश गिळला. ‘आगं, तसं काय न्हाय... सगळीच तसं करत्यात. तितं बाप्यांचा कारेक्रम असतोय. पत्ते, पेणं. तुला तितं काय करमणार हाय?’

‘मला समुद्र बघायचा हुता.’

‘मग गणपतीपुळ्याला नेतो की! त्यो काय, समुद्रच हाय न्हवं?’

‘आवो, माल मी इकला.’

‘दुकान कुणाच्या नावावर हाय?’ आवाज चढला. मग लगेच खाली आला. ‘पिराजीला शबूद दिलाय गं. तालमीत सगळ्यांम्होरं दिलाय. आता माघार कशी घ्यायची? इज्जत हाय का न्हाय काय?’

पिराजीला शब्द दिला होता, म्हणून तो मोडायचा नव्हता. मला दिलेला शब्द घरातला होता, तो मोडला तर आवाज होत नाही. मला इतका राग आला होता, आणि तरीही मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. त्या भाकरीचा राग मला अजून येतो.

आत गेले तर मोना भिंतीकडं तोंड करून बसलेली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, ‘आई, मला ठाऊक होतं. पिराजीकाकांचा फॉर्म पप्पांनी माझ्याकडनंच भरून घेतला. तू एवढी खूश होतीस, मला सांगवेना.’

‘कधीपासनं ठाऊक होतं?’

‘तिसऱ्यांदा घाट उतरलो त्याच्या आधी.’

म्हणून ती समुद्रापर्यंत चल म्हणत होती. म्हणून तीनदा म्हणत होती. नवऱ्याचं एक वेळ समजलं असतं, तो तसाच आहे. पण माझी पोर माझ्या शेजारी शेवटच्या बाकावर बसून, मी घाट सोसायला शिकत होते ते बघत होती, आणि ते कशासाठीच नाही हे तिला ठाऊक होतं. मी तिला मारलं नाही. तिला जवळ घ्यावं असंही वाटलं नाही.

निघायच्या दिवशी बाळासोनं माझीच हातातली पिशवी घेतली. माझं इरकल काढून पलंगावर ठेवलं. गोळ्या आणि आल्याच्या वड्या हातात धरून पिराजीला दाखवल्या. दोघं हसले. ‘असली बायकी थेरं आपल्याला नगंत,’ म्हणून त्यानं त्या खिडकीत ठेवल्या. मी सांगू शकले असते. खोली मधली मागा, गोळी आधी घ्या. नाही सांगितलं. मी आजारी होते ना.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी दुकानात फोन वाजला. लांबचा खरखरता आवाज, आणि मागं कुणीतरी देवाचं नाव घेऊन कण्हत होतं. कण्हणारा पिराजी होता, बोलणारा बाळासो.

‘आक्काताई? आगं, मी बोलतोय. जहाजावरनं. लई हाल झाल्यात गं. काल सांजंपासनं दोघं आडवं पडलोय. हितल्या डाक्तरनं गोळी दिलीया, पर त्येचं इंग्रजी कळंना. ती कवा घ्यायची? जेवून का आधी? तुला ठावं हाय न्हवं समदं?’

जहाजावरनं फोन. मिनिटाला पैसे, आणि तेही डॉलरमधले. मी स्टूल ओढून घेतलं आणि बसले.

‘खोली कुठली घेतली?’

‘पुढच्या टोकाची. पत्त्याची मंडळी तिकडंच हुती. त्ये मरू दे, गोळी...’

‘सांगते की. सुरुवातीपासनं सांगते.’ आणि मी सांगितलं. अगदी सावकाश. काल काय काय खाल्लं ते विचारलं, त्यानं सांगितलं. पिराजीनं काय खाल्लं ते विचारलं. पोट रिकामं ठेवायचं नाही, हे समजावलं. कोरडं बिस्कीट कसं थोडं थोडं चावायचं, हे समजावलं. आल्याची वडी चांगली असते म्हटलं, ती आपल्या खिडकीत आहे. मधे एका गिऱ्हाइकाला ‘थांबा पावणं, बसा, घरचा फोन हाय’ म्हटलं. त्याला सुट्टे दिले. मग पुन्हा फोन कानाला लावला. एकही गोष्ट खोटी सांगितली नाही. सगळं खरं सांगितलं, फक्त घाई केली नाही.

‘आगं आवर की!’ तो विव्हळला.

‘आता शेवटचं. खोलीत पडून ऱ्हायचं न्हाय. वर उघड्यावर जायचं, जहाजाच्या मधी हुबं ऱ्हायचं, आन् लांब बघायचं. पाणी जिथं संपतंय तिथं.’

आणि मग मला राहवलं नाही. एवढा वेळ आवाज घट्ट धरून ठेवला होता, तो एकदम सैल झाला.

‘आवो, तुम्ही गेलता का वर? कसं दिसतंय?’

‘काय?’

‘समुद्र. मधनं कसा दिसतोय?’

‘कसा दिसणार? गेलतो की काल. चारी बाजूनं नुसतं पाणी. काठ बी न्हाय कुठं. काय बघायचं हाय त्यात?’

मी फोन ठेवला नाही. रिसीव्हर काउंटरवर उताणा टाकला आणि गिऱ्हाइकाच्या शेडला हात घातला. रिसीव्हरमधून बारीक आवाज येत राहिला. ‘आक्काताई? आगं, हाईस का? हाईस न्हवं?’

होते की. दुकानातच होते.