साधनाताईंचं बोट चुकलं नव्हतं

मी कॅमेरा बोलतोय. चिंचवडला मारुतरावांच्या दुरुस्तीच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलोय. एका गोष्टीची साक्ष द्यायची राहिली आहे.

माझी पहिली चार वर्षं तळेगावच्या एका स्टुडिओत गेली. तिथे नवा कॅमेरा आला आणि मला साधनाताईंनी घरी नेलं.

साधनाताई लातूरकडच्या. चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होत्या. एका शिफ्टला उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट गेलं. माझं बटण दाबायला नेमकं तेच लागतं. त्यांनी मधल्या बोटाला शिकवलं. सहा महिने गच्चीवरची कबुतरं टिपली.

त्यांचा हात स्थिर होता, धडकी मला भरायची. माझं शटर, म्हणजे आतला उघडझाप करणारा पडदा, झिजलं होतं. घरी दोनदा अडकलं. त्यांना वाटलं, बॅटरी उतरली.

अशातच त्यांना फोटो काढायला स्वतःचं असं पहिलं लग्न मिळालं. चाकणजवळच्या धर्माजींच्या मुलीचं, संस्कृतीचं. धर्माजींनी हात पाहिला आणि विचारलं, "जमंल ना, ताई? हार काय पुन्हा पुन्हा घालत न्हाईत."

"जमेल," ताई म्हणाल्या.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. सगळ्या पाहुण्यांचे मोबाइल वर. मित्रांनी नवरदेवाला उचलून धरलं. संस्कृतीनं हसत उडी मारून हार टाकला. ताईंचं बोट अगदी वेळेवर पडलं.

मी अडकलो.

सुटलो तेव्हा दोघांच्याही गळ्यात हार होते. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ताई गप्प राहू शकल्या असत्या. पण त्या आपणहून धर्माजींकडे गेल्या. "दादा, हार घालतानाचा फोटो आला नाही. कॅमेरा अडकला."

धर्माजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ताईंच्या हाताकडे पाहिलं. "वाटलंच व्हतं मला," एवढंच म्हणाले. ताईंनी हात ओढणीत घेतला.

त्यानंतर दिवसभर मी एकदाही अडकलो नाही. त्यामुळे तर आळ पक्काच झाला. घरी आल्यावर ताईसुद्धा आपल्या मधल्या बोटाकडे संशयानं बघत बसल्या.

आज मारुतरावांनी मला उघडलं आणि भिंग लावून पाहिलं. "ताई, तुमचा काही दोष नाही. शटर गेलंय याचं."

"पुन्हा सांगा," ताई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा सांगितलं. ताईंनी धर्माजींना फोन लावून मारुतरावांच्या हातात दिला. धर्माजी पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. ताई मात्र पहिल्यांदाच खुर्चीत निवांत टेकून बसल्या.

आता त्या विचारतायत, रविवारी राजगुरुनगरला लग्न आहे, तेवढं निभावेल का? मारुतराव स्क्रू शोधतायत.

ताई, मला नेऊ नका. कुणाचा तरी कॅमेरा मागून घ्या. मी पुन्हा अडकलो, तर लोक माझ्याकडे बघणार नाहीत. ते तुमच्या हाताकडेच बघतील.