सतराव्या पानावरची ओळ

प्राध्यापकांनी आणि त्यांच्या साडूंनी तरुणपणी मिळून एक शोधनिबंध लिहिला आणि त्यावर दोघांचा जन्म निघाला. दोघे आधी दोस्त, मग सहलेखक, आणि शेवटी दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं करून साडू. निबंध विसाव्या शतकाच्या मध्याचा: टाइपरायटरवर काढलेला, चिन्हं हाताने शाईत भरलेली. त्यातल्या प्रमेयावर पुढे जगभर इतकं काम झालं, की मूळ निबंध वाचायची कुणाला गरजच उरली नाही. मजले चढवणारे पाया कशाला उकरतील?

पण एक उकरणारी निघाली. विभागात नव्याने लागलेल्या लेक्चररबाईंनी भर चर्चासत्रात हात वर केला.

“सर, सतराव्या पानावर तुम्ही लिहिलंय, ‘हे उघड आहे’. मला काही केल्या दिसत नाहीये.”

“दिसेल की!” म्हणत प्राध्यापक फळ्याकडे वळले. दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा त्याच लिहिल्या. नशिबाने तास संपला.

घरी येताच त्यांनी साडूंना फोन लावला. “अरे, सतराव्या पानावरचं ते तुझं ना? जरा आठवण करून दे.”

“माझं? मी नुसतं लिहून काढलं. उघड आहे असं तू म्हणालास.”

“मी विचारलं, उघड आहे ना? तू हो म्हणालास.”

“तुला दिसलंय असं वाटलं, म्हणून म्हणालो!”

प्राध्यापकांनी फोन ठेवला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. ती पायरी खोटी निघाली तर प्रमेय कोसळणार, आणि त्यावर ज्यांनी उमेदीची वर्षं घातली ते सगळे तोंडघशी पडणार.

बायकोला हे ऐकून नवल वाटलं नाही. “आपण सगळे गावाला गेलो, तेव्हा घराला कुलूप कुणी लावलं होतं?” तिने विचारलं. कुणीच लावलं नव्हतं. दुसऱ्याने लावलं असेल, असं दोन्ही साडू धरून चालले होते.

मग दोघांनी पायरीशी झटापट सुरू केली. कागदांचे ढीग झाले, पण ती खरी आहे हेही ठरेना, खोटी आहे हेही ठरेना. अखेर प्राध्यापकांनी चर्चासत्रात उभं राहून सांगितलं, “आम्हाला ती पायरी येत नाही.” त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी बघू का प्रयत्न करून?” लेक्चररबाईंनी विचारलं.

काही महिन्यांनी त्या सिद्धता घेऊन घरी आल्या आणि कागद ठेवून गेल्या. वाट लांबची होती, पण काम चोख. साडूही येऊन बसले होते. दोघांनी मिळून ओळ न् ओळ तपासली आणि शेवटच्या पानाच्या तळाशी येऊन थबकले. तिथे लिहिलं होतं, ‘उरलेलं उघड आहे.’

“उघडच आहे,” साडू म्हणाले.

“हो, म्हणजे…” प्राध्यापक म्हणाले.

“थांबा!” बायकोने कागद ओढून घेतला. “तुम्ही स्वयंपाकघरात, भावजी बाहेरच्या खोलीत. दिसल्याशिवाय कुणी हो म्हणायचं नाही.”

प्राध्यापक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती ओळ उतरवून घेऊन बसले. एक वाट धरली, ती बुजली. दुसरी धरली, ती फिरून तिथेच आली. उजेड कमी झाला. बाहेरच्या खोलीत साडूंनी पेन ठेवल्याचा आवाज आला, मग खुशीतली शीळ. म्हणजे त्याला दिसलं होतं. आता नुसतं जाऊन मान डोलावली की झालं. ‘हो’ तर ओठांवरच होतं.

ते उठून दारात गेले. कान तापले होते, या वयातसुद्धा.

“मला नाही दिसलं रे,” ते म्हणाले.

साडूंची शीळ थांबली. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

“बस इथे. मला दिसलंय, दाखवतो,” ते म्हणाले. “आणि नाही कळलं तर परत विचार.”