हिरव्या झग्याखालची मी

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला अंगात घातलेलं नसेल, आणि देव करो, तशी वेळ कुणावर न येवो. मला कॉर्सेट म्हणतात. ताठ चोळी म्हणा हवं तर. पूर्वी बायका झग्याखाली मला घालत आणि पाठीमागून नाडी आवळून कंबर बारीक करून घेत. आता मी एका नाटकगृहाच्या कपड्यांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. खोलीला खिडकी आहे, पण तिच्यापुढे कपाट उभं आहे.

माझा जन्म एका अरुंद शिवणघरात झाला. जाड सुती कापडाचे दोन थर एकावर एक ठेवून त्यांत उभे बोगदे शिवले, प्रत्येक बोगद्यात पोलादाची चपटी पट्टी सरकवली आणि दोन्ही तोंडं शिवून टाकली. माझ्या आधीच्या पिढीत या पट्ट्या देवमाशाच्या तोंडातून काढत. समुद्रभर हिंडणारा तो जीव, आणि त्याची पट्टी शेवटी कुणाच्या तरी बरगडीवर! माझ्या पट्ट्या पोलादाच्या, पण त्यांचं नशीब तेच. वाकायचं, ताठ व्हायचं, पण बाहेर यायचं नाही. मी इतरांना कोंडते असं लोक म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण मीही चारी बाजूंनी शिवून बंद केलेली आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

मला पुढे आकडे असतात आणि मागे नाडी. नाडी सैल केल्याशिवाय पुढचे आकडे निघत नाहीत आणि नाडीची गाठ असते पाठीवर. म्हणून मला घालायला आणि काढायला दुसरं माणूस लागतं.

ज्या नटीसाठी मला शिवलं, ती गायची फार सुंदर. नाटकात ती राणी व्हायची. माझ्यावरून माप घेऊन तिचा हिरव्या मखमलीचा झगा बेतला होता. पडदा वर गेला की पहिल्या रांगेत कुजबुज व्हायची, "कंबर बघा, मुठीत मावेल!" ते ऐकून मी फुशारून जायची. आत मात्र वेगळंच चाललेलं असे. दोन अंकांमध्ये ती खुर्चीच्या कडेवर ताठ बसून राही. पाणीसुद्धा घोट घोट. एकदा तिचा कंगवा खाली पडला तर ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कुणीतरी उचला गं. मी वाकले तर मोडेन." सगळ्या हसल्या, तीही हसली. म्हणजे तोंडाने हसली. पोटाला हसायला मी जागाच ठेवली नव्हती.

पुढे ती म्हातारी झाली, नाटक बंद पडलं आणि मी पेटीत गेले. पेटीत माझ्या अंगावर एक गर्डल येऊन पडली. ती माझ्या नंतरच्या पिढीतली, पोट दाबून बसवणारी, रबराची. "मी तुझ्यासारखी नाही बाई, माझ्यात वाकता येतं," असं ती पहिल्या दिवशी तोऱ्यात म्हणाली. हळूहळू तिचं रबर सुकलं, चिरलं आणि तिचा चुरा माझ्या घड्यांत भरला. त्या काळोखात कुणी कुणाला हिणवायचं?

मग एक दिवस पेटीचं झाकण उघडलं. मला उचलणारे हात मावशीचे होते. नाटकगृहातले कपडे तीच सांभाळते. लहान-थोर सगळे तिला मावशीच म्हणतात. कुठल्याही कपड्याला सुई लावण्याआधी ती डोळे मिटून क्षणभर थांबते, हा तिचा रोजचा नेम. तिने माझ्यातला चुरा झटकला, गंजलेले आकडे तेलाने पुसले, नवी नाडी ओवली. ते जुनं नाटक पुन्हा लागणार होतं आणि राणीचं काम मावशीच्या सख्ख्या भाचीला मिळालं होतं.

मिळालं होतं म्हणजे, जवळजवळ मिळालं होतं. दिग्दर्शकाची एक अट होती.

"झगा तोच हवा," तो म्हणाला. "सगळीकडे त्या झग्याचे फोटो लागलेत. लोक तो बघायला येणार."

"मग त्यालाच खांबाला अडकवून उभा करा की," मावशी म्हणाली. "श्वासही घ्यावा लागायचा नाही त्याला, आणि संवादही विसरायचा नाही तो."

"मावशी, तुम्ही भाचीची बाजू घेताय."

"मी माप घेतेय. झगा हिला होत नाही. तसली मखमल आता मिळत नाही, नाहीतर मीच पट्टी जोडून दिली असती."

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता, पण घाईत होता. "रंगीत तालमीत झगा अंगावर बसला, तर राणी हीच. नाही बसला, तर दुसरी मुलगी तयार आहे," एवढं बोलून तो गेला.

मित्रांनो, त्या मुलीचा जीव त्या भूमिकेत होता. कपडे झाडताना, जिना उतरताना ती राणीचं गाणं गुणगुणायची. मावशी तिला म्हणाली, "मी तुला कॉर्सेट घालीन, पण दोन बोटं आत जातील इतपतच आवळीन. त्यात झगा बसला तर बसला." भाचीने मान डोलावली. मान डोलावणं फार सोपं असतं.

तालमीच्या दिवशी मावशी इस्त्री आणायला बाहेर गेली तशी भाचीने दाराला आतून कडी लावली. पिशवीतून तिने एक मऊ, कातडीच्या रंगाची वस्तू काढली. तिला शेपवेअर म्हणतात. ही आमची सगळ्यांत धाकटी बहीण. हिला पट्ट्या नाहीत, आकडे नाहीत, नाडी नाही. मांडीपासून छातीपर्यंत नुसतं ताणणारं कापड. भाचीने ती ओढत, उड्या मारत, घामाघूम होत चढवली आणि तिच्यावर मला घातलं. आवळायला कुणी नव्हतं. मग तिने माझ्या नाडीचा फास दाराच्या मुठीला अडकवला आणि शेतात नांगर ओढावा तशी पुढे पुढे चालत गेली. माझे दोन्ही काठ पाठीवर एकमेकांना भिडले. नाडीची टोकं पुढे घेऊन तिने पोटावर गाठ मारली. मावशी नेहमी सुरगाठ मारते, एक टोक ओढलं की सुटते. हिने घामेजल्या बोटांनी निरगाठ मारली, एकीवर दुसरी.

आम्ही दोघी बहिणी एकमेकींना इतक्या चिकटलो की बोलणं भागच पडलं.

"तुझी गाठ कुठे आहे?" मी विचारलं.

"मला गाठ नाहीच," ती अभिमानाने म्हणाली. "मी अंगात आहे हे कुणाला कळतसुद्धा नाही. तुझ्यासारखी मी गाजावाजा करत नाही, ताई."

"मग तुला सोडवतं कोण?"

ताणलं की पुन्हा आक्रसायचं, एवढंच बिचारीला येत होतं. ती तेच करत राहिली. माझ्या मागे निदान कुणीतरी उभं असे, आवळणारं का होईना. हिच्याबरोबर मुलगी अगदी एकटी होती.

कडी काढून तिने झग्याची पाठ वाटेतल्या एका मुलीकडून लावून घेतली आणि मावशी परतायच्या आत रंगमंच गाठला. झगा बसला. दिग्दर्शकाने टाळी वाजवली. भाची दिव्यांच्या उजेडात उभी राहिली, वाद्यं सुरू झाली, तिने तोंड उघडलं. पहिली ओळ निघाली ती अर्धीच. दुसऱ्या ओळीला ओठ हलले, आवाज आला नाही. तिचा श्वास माझ्या पट्ट्यांवर धडका मारत होता, बंद दारावर कुणी मारावं तसा. मला सरकायचं होतं. पण गाठ घट्ट होती आणि मला हात नाहीत. ती फळ्यांवर आडवी झाली.

मावशी धावत आली. झगा मागून उघडला, पोटावरची गाठ चाचपली, नखांनी ओढली. सुटेना. मग जिने जन्मात कधी जुन्या कपड्याला कात्री लावली नाही, तिने कात्री घेतली आणि माझी नाडी पाठीवर वरपासून खालपर्यंत कराकरा कापली. मी फाटकासारखी उघडले. खाली धाकटी दिसताच मावशीने कपाळाला हात लावला.

"अगं माझे आई! दोन दोन?"

सगळ्यांना बाहेर घालवून तिने धाकटीला खाली सोलून काढलं. मुलीच्या अंगावर माझ्या पट्ट्यांचे वळ उठले होते. श्वास परतल्यावर ती रडायला लागली.

"मला का नाही हाक मारलीस?" मावशीने विचारलं.

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"मग काम गेलं असतं, मावशी. झगा बसायलाच हवा होता गं."

मावशी बराच वेळ तिच्या पाठीवर तेल चोळत राहिली. मग उठली, डोळे मिटून क्षणभर थांबली आणि झग्याची पाठीची शिवण उसवायला लागली. दिग्दर्शक दाराशी येऊन विचारपूस करत होता, त्याला तिने आत बोलावलं.

"झगा पुढून तोच राहील. पाठ उघडी, आडव्या फितींनी बांधलेली. ही प्रेक्षकांकडे पाठ करणार नाही."

"अहो, मग ती आत जाणार कशी?"

"राणी आहे ती. दरबारावर नजर ठेवून मागे मागे जाईल."

दिग्दर्शकाने स्वतःच मागे मागे चालून पाहिलं आणि इस्त्रीच्या टेबलावर आपटला. रडणारी भाची खुदकन हसली. हिचं मात्र पोटही हसलं.

"गाऊन दाखवशील?" कंबर चोळत त्याने विचारलं. ती तिथेच, साध्या सदऱ्यात, गायली. तो ऐकत राहिला. जाताना म्हणाला, "मावशी, फिती हिरव्या घ्या."

पहिल्या प्रयोगाला मी या खिळ्यावर होते. भिंतीपलीकडून गाणं ऐकू येत होतं. त्या गाण्यात एक लांबलचक ओळ आहे. जुनी नटी ती ओळ मध्यावर तोडायची, क्षणभर थांबून पुढे म्हणायची. लोक त्याला तिची खास लकब म्हणायचे, नव्या गायिका तिची नक्कल करायच्या. ती लकब नव्हती, मित्रांनो. ती मी होते. भाचीने ती ओळ एका श्वासात म्हटली, सलग, शेवटच्या अक्षरापर्यंत. इतकी वर्षं त्या गाण्याच्या इतक्या जवळ राहूनही मी ते पूर्ण असं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

माझ्या पट्ट्या अजून आतच आहेत. त्या बाहेर येणार नाहीत, आणि माझी तक्रारही नाही. तुमच्यापाशी एकच मागणं आहे. आमच्यासारख्या वस्तू बाजारात येतच राहतील, दर वेळी अधिक मऊ होऊन. तुमची ताई, तुमची आई, तुमची मैत्रीण कधी अशी ताठ, गप्प उभी दिसली, तर किती छान दिसतेस असं म्हणण्याआधी तिला विचारा, "टोचतंय का गं कुठे?" आणि लगेच निघून जाऊ नका. उत्तर देण्याइतका श्वास तिला मिळेपर्यंत तिच्याजवळ थांबा.