काठीभोवतीचा जव

खरं सांगू, हे लिहिणारच नव्हतो. कुणी मेलं नाही, कुणाचं लग्न मोडलं नाही, मग लिहायचं काय? पण त्या दिवसापासून इस्माएल चौकात दिसला की आपला हसतोच आहे, आणि आमच्याकडे कापणीच्या उन्हात एवढं कुणी हसत नाही. म्हणून लिहितो.

इस्माएल बाहेरच्या पाहुण्यांना पक्षी दाखवतो. सकाळी माळावर माळढोक, ऊन चढलं की आमच्या त्रुहियो गावाचा चौक, किल्ला, मनोऱ्यावरचे करकोचे, मग जेवण, मग झोप, मग परत माळ. त्या आठवड्यात त्याच्याकडे हॉलंडचं एक जोडपं होतं. ट्रूस बाई आणि त्यांचा नवरा वीबे. बाई बोलायच्या, वीबे मान हलवायचा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की किल्ले त्यांनी खूप बघितलेत, त्यांना भोवत्या बघायचाय.

भोवत्या म्हणजे पिकावरून अगदी खालून, गिरक्या घेत उडणारा शिकारी पक्षी. नर राखाडी, मादी तपकिरी. एवढा मोठा माळ, एवढे ओक, पण हा वेडा झाडावर घरटं करत नाही. उभ्या जवात जमिनीवर करतो. आणि पिल्लांना उडता यायच्या आधी कापणी येऊन ठेपते. म्हणून शेतकऱ्याला गळ घालायची की बाबा, घरट्याभोवती एक तुकडा उभा राहू दे. खुणेला काठी, काठीला पांढरं फडकं.

आता इस्माएलची एक खोड होती. तो काठी घरट्यापाशी कधीच रोवायचा नाही. चांगली लांब रोवायचा, ओकाच्या अंगाला. काठी कोल्ह्याला दिसते, कावळ्याला दिसते, आणि फोटोवाल्यांना तर सगळ्यात आधी, असं त्याचं म्हणणं. एका वर्षी फोटोवाल्यांनी जव तुडवून एक जोडी पार उठवून लावली होती. तेव्हापासून खरी जागा फक्त याच्या डोक्यात. कापणीच्या दिवशी स्वतः जायचं, मशीनपुढे उभं राहायचं आणि हाताने दाखवायचं, ही त्याची पद्धत.

यंदा जोडीने घरटं केलं ते फर्मीनच्या जवात. फर्मीन म्हणजे इस्माएलचा शाळेपासूनचा दोस्त. एका बाकावर बसले, एकाच पोरीसाठी भांडले, ती तिसऱ्याशीच लग्न करून गेली तेव्हा एकत्र प्याले. तरी यालाही इस्माएलने एवढंच सांगितलं, काठीभोवती तुकडा सोड, बाकी कापणीच्या दिवशी मी येतोच. कापणी पुढच्या आठवड्यात होती.

आणि त्या सकाळी, चौकात, टोमॅटो चोळलेला पाव खाता खाता त्याने फोनवर फर्मीनचा निरोप ऐकला.

"अरे, हार्वेस्टर आजच आलाय. उद्या वादळ म्हणतात, जव झोपला तर माझं कंबरडं मोडेल. तू धावत येऊ नको, पाहुण्यांना तुझे ते दगड दाखव. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, काठीला धक्का लागणार नाही. तुझी पाखरं माझी जबाबदारी."

इस्माएलच्या हातातला पाव हातातच राहिला. काठीला धक्का लागणार नव्हता. नेमकं त्याचंच तर भ्या होतं. कालच त्याने लांबून दुर्बिणीने बघितलं होतं, मादी चारा घेऊन उतरत होती, म्हणजे पिल्लं बाहेर आलेली.

फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. हार्वेस्टरच्या आवाजात फर्मीनला स्वतःचा आवाज ऐकू येत नसणार, फोन काय ऐकू येणार. ट्रूस बाईंनी त्याचं तोंड बघितलं आणि काय झालं विचारलं. खोटं बोलायला त्याला सुचलंच नाही, सगळं सांगितलं. बाईंनी कॉफी तशीच ठेवली आणि उठल्या.

"किल्ला कुठे जात नाही," त्या म्हणाल्या. "चल तू."

वीबेने मान हलवली आणि उरलेला पाव खिशात टाकला.

रस्ताभर इस्माएल स्वतःला शिव्या घालत होता. कोल्ह्यापासून लपवायचं, कावळ्यापासून लपवायचं, ठीक. फर्मीनला एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

वळणावरून शेत दिसलं. अर्धंअधिक शेत भुंडं झालेलं. ओकाच्या अंगाला काठी, काठीवर फडकं, आणि भोवती जवाचा सुंदर गोल तुकडा, न्हाव्याने कोरल्यासारखा. घरट्याची जागा उताराच्या अंगाला होती, आणि तिथे हार्वेस्टर उभा होता. बरोबर तिथेच. बंद.

गाडी थांबते न थांबते तोच तो धावत सुटला. धसकटं पायाला टोचत होती. हार्वेस्टरच्या सावलीत ड्रायव्हर सॉसेज कापत बसला होता आणि फर्मीन कमरेवर हात ठेवून उभा. चेहरा असा की याने तोंड उघडायच्या आधीच गप्प बसावं.

"ये," फर्मीन म्हणाला. "ये, शहाण्या. काठी सुखरूप आहे."

इस्माएल वाकून मशीनखाली बघायला लागला. फर्मीनने त्याचं मनगट धरलं आणि मशीनच्या पलीकडे नेलं.

पलीकडे जवाचा आणखी एक तुकडा उभा होता. वेडावाकडा, एका बाजूला पात्याने खाल्लेला. फर्मीनने हलकेच चार काड्या बाजूला केल्या. आत पांढऱ्या लवेची चार पिल्लं, चोची वासून, यांनाच घाबरवायच्या तयारीत.

मग कळलं काय झालं ते. काठीजवळून मशीन गेलं तेव्हा मादी कुठे दिसलीही नाही. इथे आलं आणि ती काचेवरच येऊन आपटायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, हिला ऊन लागलंय. फर्मीनला मात्र ते खटकलं. त्याने मशीन थांबवायला लावलं, उतरला, आणि उरलेल्या जवात हाताने चाचपत पुढे गेला.

इस्माएल तिथेच धसकटात खाली बसला. हसू येत होतं आणि डोळे भरत होते, दोन्ही एकदम.

"ऊठ, चल मागे, आईला येऊ दे," फर्मीन म्हणाला. सगळे लांब गाडीपाशी गेले. तिथे तो हळू आवाजात बोलला. "मी गावासमोर एका काठीला जव सोडला. काठी अंडी घालणार होती का?"

"फोटोवाल्यांमुळे रे. कुणालाच सांगत नाही मी."

"मी काय कुणीही आहे का?"

इस्माएल बुटात घुसलेली धसकटं उपसायला लागला.

तेवढ्यात ट्रूस बाईंनी वीबेचा दंड घट्ट धरला. राखाडी नर आला होता, पायात सरडा. मादी खालून वर झेपावली, नराने सरडा सोडला, तिने पाठीवर होऊन तो हवेतच झेलला आणि तिरकी तुकड्यात उतरली. त्या दोघांच्या आयुष्यात बघायचं राहिलेलं ते हेच. वीबे पहिल्यांदा बोलला. काय बोलला ते बाईंखेरीज कुणाला कळलं नाही, पण बोलला बराच वेळ. ड्रायव्हरने मग बाईंना सॉसेज दिलं, वीबेने खिशातला पाव काढला. फर्मीन मात्र अजून याच्याकडे बघत नव्हता.

"फर्मीन," इस्माएल म्हणाला, "पुढच्या वर्षी घरटं सापडलं की आधी तुला नेऊन दाखवीन. तुझ्या शेतात असो नाहीतर दुसऱ्याच्या. काठी त्यानंतर रोवीन."