फ्रँकफर्टच्या अलीकडे

कॅनडाला जायचं नक्की झालं तेव्हा प्रेमिलानं शाळेचा राजीनामा लिहिला, आणि तो हेडमास्तरीणबाईंच्या हाती नेऊन दिला तिच्या सासऱ्यांनी, गणपतरावांनी. खरं तर तिनंच जायला हवं होतं. पण नागपूरच्या महाल भागातल्या त्या मुलींच्या शाळेत तिनं गणित शिकवण्यात लग्नाआधीची नि नंतरची मिळून बरीच वर्षं घातली होती; पायऱ्या उतरताना रडू येईल म्हणून ती फाटकाशीच थांबली. गणपतराव आत गेले, बाहेर आले, आणि तिच्याकडे न पाहता त्यांनी रिक्षा बोलावली. त्यांनाही जड जात असेल, असं तिला वाटलं.

श्रीधर, तिचा नवरा, टोरांटोला इंजिनिअर होता. लग्नानंतर वर्षभरातच तो गेला. पहिल्या हिवाळ्यात त्यानं तिच्यासाठी अर्ज केला, पत्रांमागून पत्रं लिहिली, बर्फातले फोटो पाठवले. मग पत्रं आखूड झाली. सासू आधीच वारली होती, त्यामुळे घरात सासरा नि सून, दोघंच. गणपतराव बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, शब्दाला मोजके, मायेला मोठे. पहाटे उठून चहा तेच करायचे आणि तिचा कप झाकून ठेवायचे. त्यांचा मोतीबिंदू काढला तेव्हा तिनं शाळेतून रजा काढली, डोळ्यांत थेंब घातले, पेपर वाचून दाखवला. माहेरी मौद्याला गेली की तिचा भाऊ चंद्रभान म्हणायचा, तुला सासरा नाही, दुसरा बाप मिळाला. ती हसून हो म्हणायची, कारण तिलाही तसंच वाटायचं.

त्र्याऐंशी साली तिचा कॅनडाचा व्हिसा आला. कायम राहण्याचा. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी श्रीधरनं तिकिटं पाठवली. एक मुंबई ते फ्रँकफर्ट, एका विमान कंपनीचं. दुसरं फ्रँकफर्ट ते टोरांटो, दुसऱ्याच कंपनीचं. फ्रँकफर्टला संध्याकाळी उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढचं विमान. तिला विमानाची काय माहिती? गाडी बदलायची तर भुसावळला बदलतो, तसंच हे, असं ती समजली. तिनं एकदा विचारलंही, की रात्र कुठे काढायची. गणपतरावांनी तिकिटांकडे न पाहताच सांगितलं, की श्रीधरनं सगळं विचारून केलं असेल.

नागपूर स्टेशनवर निरोपाला गर्दी झाली. शाळेतल्या बाया आल्या, शेजारच्या वच्छलाकाकू आल्या, चंद्रभान सांडग्या-कुरड्यांचा डबा घेऊन मौद्याहून आला. पहिला हार गणपतरावांनी घातला. मुंबईपर्यंत पोचवायला तेच सोबत होते.

मुंबईत चेंबूरला त्यांची चुलतबहीण इंदुताई राहत होती. तिच्याकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टॅक्सीनं सहारच्या विमानतळावर गेले. वाटेत गणपतराव एक अक्षर बोलले नाहीत. दाराशी पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी इथेच बसून राहतो. विमान उडेपर्यंत जात नाही."

आत काउंटरवर एका तरुण अधिकाऱ्यानं तिचा पासपोर्ट पाहिला, कॅनडाचा व्हिसा पाहिला, खुशीनं मान हलवली. मग दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं विचारलं, जर्मनीचा ट्रान्झिट व्हिसा कुठे आहे? ती म्हणाली, मला जर्मनीत कुठे जायचंय, नुसतं विमान बदलायचंय.

त्यानं तिला बाजूला घेऊन नीट समजावलं. एकच सलग तिकीट असतं, तर तुमची बॅग इथून थेट टोरांटोला गेली असती, आणि तुम्ही फ्रँकफर्टच्या विमानतळावर आतल्या आत बसून पुढचं विमान पकडलं असतं. त्याला व्हिसा लागला नसता. पण ही तिकिटं वेगळी आहेत. पहिल्या कंपनीच्या लेखी तुमचा प्रवास फ्रँकफर्टलाच संपतो. तिथे तुम्हाला बाहेर येऊन बॅग घ्यावी लागेल आणि दुसऱ्या कंपनीकडे नव्यानं द्यावी लागेल. बाहेर येणं म्हणजे त्या देशात शिरणं. व्हिसा नसेल तर ते शिरू देणार नाहीत, आणि तुम्हाला परत आणायची जबाबदारी आमच्यावर येईल. म्हणून आम्ही तुम्हाला विमानात बसवू शकत नाही.

तिनं विनवलं. त्यानंही वर विचारून पाहिलं, आणि खरोखर वाईट वाटून मान हलवली. शेवटी तिनं विचारलं, हा व्हिसा मिळतो कुठे?

"इथंच, मुंबईत, त्यांच्या वकिलातीत," तो म्हणाला. "तुमच्याकडे कॅनडाचा व्हिसा आहे, दोन्ही तिकिटं आहेत. अडचण यायला नको. तिकिटं काढणाऱ्यांनी तुम्हाला हे सांगायला हवं होतं, बाई."

बॅग ओढत ती बाहेर आली. गणपतराव कठड्याशी बाकावर बसले होते. तिला पाहून ते उठले, तिच्या हातातली बॅग घेतली आणि टॅक्सीच्या दिशेनं चालू लागले. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. तिला ते तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. ती आपणच सगळं सांगत सुटली: चूक कशी झाली, आता काय करायचं, चार दिवस इंदुताईंकडे राहून व्हिसा कसा काढता येईल. टॅक्सीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, की घरी जाऊ, नागपूरला. श्रीधर पाहील पुढचं. आता आलोच आहोत तर राहू या, असं तिनं पुन्हा म्हटलं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

इंदुताईंचं दार उघडलं तर आत दोन ताटं वाढून तयार होती. वांग्याची भाजी, वरण, पोळ्यांची चळत. इंदुताईंनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि सहज म्हणाल्या, "हातपाय धू वं. दादानं सकाळीच सांगून ठेवलं होतं, दुपारी आम्ही दोघंही जेवाले येतो म्हणून. मी म्हटलं, पोरगी तर विमानात असंल. तर म्हणे, नाही, येईल ती."

बोलता बोलता त्या थांबल्या. प्रेमिलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

प्रेमिला ताटाशी बसली नाही. गणपतरावही बसले नाहीत. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि ती त्यांच्या मागे गेली. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. तिला आता एकेक गोष्ट दिसू लागली: तिकिटांकडे न पाहता दिलेलं उत्तर, टॅक्सीतलं मौन, हातातून घेतलेली बॅग.

"मामाजी," ती म्हणाली, "तुम्हाले माहीत होतं?"

त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. मग बोलले ते कठड्याकडे पाहत. श्रीधरनं तिथे एका बाईशी संसार मांडला होता. वर्ष होऊन गेलं होतं, मूलही होतं. अर्ज त्याच्या आधीचा. व्हिसा येऊन पडला आणि त्याला नाही म्हणायचं धाडस झालं नाही. त्यानं गणपतरावांच्या एका मित्राच्या घरी फोन करून बापाला सांगितलं, की मी तिकिटं अशी घेतो की तिला मुंबईतूनच परत पाठवतील. म्हणजे बोलावलंही, आणि ती आलीही नाही. वर्ष-दोन वर्षं व्हिसाच्या नावावर निघतील. तोवर पोराचं डोकं ठिकाणावर येईल, अशी गणपतरावांची आशा होती.

"तुले सांगतलं असतं तर तू घर सोडून गेली असती," ते म्हणाले. "लोकं हसले असते. मले वाटलं, झाकलं तर झाकून जाईल."

"माझा राजीनामा तुम्ही नेऊन दिला."

"हो."

"तो तरी काहून दिला, मामाजी? तेवढा तरी खिशात ठेवाचा होता."

राजीनामा दिला नसता तर लोकांना शंका आली असती, असं ते पुटपुटले आणि तिथेच थांबले. प्रेमिलाला नवऱ्याचा राग येत होता, पण तो लांबचा होता, तीन वर्षांत न पाहिलेल्या माणसाचा. हा माणूस मात्र रोज पहाटे तिचा कप झाकून ठेवत होता. ज्या हातानं हार घातला, त्याच हातानं तिला परत आणायची तयारी त्यानं आधीच करून ठेवली होती. हे तिला गिळता येईना.

ती म्हणाली, "तुम्ही नागपूरले जा. मी मागून येतो."

गणपतराव त्याच दिवशी निघून गेले. दुसऱ्या दिवशी प्रेमिला एकटी वकिलातीत गेली. पाळी आली तेव्हा तिनं पासपोर्ट आणि दोन्ही तिकिटं पुढे सरकवली. खिडकीमागच्या बाईनं मोजके प्रश्न विचारले. तीन वर्षांत नवऱ्याला एकदाही भेटला नाहीत का, या प्रश्नाला तिनं नाही म्हटलं. थोड्याच दिवसांत पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का पडला. तो पाहून आनंद मानावा की दुःख, हेच तिला कळेना. एवढ्याशा गोष्टीच्या आड तिचा नवरा लपला होता. विमान कंपन्यांनी तारखाही बदलून दिल्या.

"आता जाशील का तू?" इंदुताईंनी विचारलं. प्रेमिला म्हणाली, ते त्यांनाच विचारते.

तिनं फोर्टातल्या तार ऑफिसात जाऊन टोरांटोचा कॉल लावला. बरीच वाट पाहिल्यावर नंबर मिळाला. श्रीधरचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा.

"मी मुंबईहून बोलून राहिली," ती म्हणाली. "जर्मनीचा व्हिसा काढला मी."

तारेवर नुसती खरखर ऐकू आली. मग त्यानं विचारलं, "कोणी सांगितलं काढायला?"

ती कशी आहे, विमानतळावर काय झालं, यातलं काही त्यानं विचारलं नाही.

"आता कोणी अडवत नाही मले. पुढच्या आठवड्यातलं तिकीट आहे. तुम्ही सांगा, येऊ का?"

"बाबांनी तुला सांगितलं असेल ना."

"त्यांनी सांगतलं. मले तुमच्या तोंडून ऐकाचं आहे."

बाहेर कोणी तरी बूथच्या काचेवर टकटक केली. तिनं पाठ वळवली.

"येऊ नको," श्रीधर म्हणाला. "माझं इथे घर आहे, प्रेमिला. मला माफ कर."

"माफीचं काही बोलू नका," ती म्हणाली. "एवढंच सांगाचं होतं तर ते नागपूरलेही सांगता आलं असतं." आणि तिनं फोन ठेवला.

ती नागपूरला पोचली तेव्हा मोहल्ल्यात व्हिसाची गोष्ट आधीच पोचली होती. वच्छलाकाकू आणि आणखी दोघी-तिघी ओसरीवर जमल्या. गणपतराव खुर्चीत बसून समजावत होते, की जर्मनीवाल्यांचा एक नियम निघाला, तिकिटं वेगळी असली की अडवतात, पुन्हा अर्ज करावा लागेल. काकू हळहळल्या. पोरीचं नशीबच खोटं, म्हणाल्या.

प्रेमिलानं पिशवीतून पासपोर्ट काढला आणि काकूंच्या हातात दिला.

"व्हिसा आहे काकू, हा पाहा. मी गेली नाही, कारण ह्यांनी तिथे दुसरं घर केलं. मूल आहे त्याइले. मामाजीले माहीत होतं."

काकूंनी पासपोर्ट मिटून तिला परत दिला. गणपतरावांनी मान खाली घातली आणि ती वर केली नाही. प्रेमिला आत गेली, आपले कपडे आणि पुस्तकं तेवढी भरली आणि संध्याकाळच्या बसनं मौद्याला भावाकडे गेली.

शाळेत तिच्या जागी दुसरी बाई आली होती. हेडमास्तरीणबाई कळवळल्या, पण त्यांच्या हाती काही नव्हतं. उन्हाळ्यानंतर तिला कन्हानच्या एका शाळेत काम मिळालं आणि तिनं तिथेच खोली केली. घटस्फोट पुढे बराच रेंगाळला.

दिवाळीच्या आसपास गणपतराव कन्हानला आले. वाळले होते. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा केला. कप खाली ठेवून ते म्हणाले, "मी तुले पोरगीच मानलं होतं, प्रेमिला. देवाची शपथ."

तिनं हातातली सहावीची वही मिटली.

"मानलं असंल," ती म्हणाली. "पण पोरीले कोणी हार घालून असं पाठवत नाही, मामाजी."

ते रडले. तिनं त्यांना रडू दिलं. थांबवलं नाही, समजूतही घातली नाही. मग बसची वेळ झाली तशी ती त्यांना स्टँडवर सोडायला गेली, गर्दीत वाट करून त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली. बस सुटेपर्यंत ती थांबली. पुन्हा या, असं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही, आणि तेही पुन्हा आले नाहीत.